आजोबांची फुटबॉल जर्सी सापडली? धुण्याआधी हे करा

कोल्हापुरात फुटबॉल पेठापेठांतून आणि तालमींतून वाढला. पाटाकडील, खंडोबा, दिलबहार, बालगोपाल, प्रॅक्टिस, शिवाजी अशा एखाद्या संघाची जुनी जर्सी ट्रंकेच्या तळाशी निघाली, की घरातलं कुणीतरी ती थेट साबणाच्या बादलीत टाकतं. तेवढं होऊ देऊ नका. धुणं हे या यादीतलं शेवटून दुसरं काम आहे.

आधी फोटो काढा. खिडकीपाशी, पण थेट उन्हात नको. जर्सी पांढऱ्या चादरीवर सपाट पसरा. पुढून, मागून, कॉलरचं लेबल, नंबर, रफू, डाग असं सगळं टिपा. टाचणी किंवा सेफ्टी पिन दिसली तर काढून टाका, तिचा गंज कापडात उतरतो.

मग ती ज्यांनी घातली त्यांच्या हातात द्या. हे या लेखातलं सगळ्यात मोठं काम, आणि नेमकं हेच पुढं ढकललं जातं. “तुमच्या आठवणी सांगा” असं विचारलंत तर “काय सांगायचं, खेळायचो” एवढंच उत्तर मिळेल. त्यापेक्षा बारीकसारीक विचारा. शाहू स्टेडियमवर कशानं जायचात? बूट कुणाचे होते? हाफ टाइमला काय खायचात? समोरच्या संघातला कोण नकोसा वाटायचा? कोल्हापुरात खेळाडूचं कागदावरचं नाव एक आणि मैदानावरचं दुसरंच असतं, म्हणून दोन्ही लिहून घ्या; नाहीतर पुढच्या पिढीला टोपणनावावरून माणूस सापडायचा नाही. मोबाईलवर आवाज रेकॉर्ड करा, पण मोबाईल तोंडापुढं धरू नका. मध्येच तारीखही दुरुस्त करायला जाऊ नका.

आजींना विसरू नका. मॅचनंतरची चिखलानं माखलेली जर्सी बहुतेक घरांत त्यांनीच धुतलेली असते. कोणत्या मॅचला कोपर फुटलं, कोणत्या रात्री कुणी जेवलं नाही, हे त्यांना गोलसंख्येपेक्षा पक्कं आठवतं.

गोल किती लांबून मारला हा आकडा दर दिवाळीला वाढतो. तो सांगतील तसाच लिहा. पडताळणी वेगळ्या पानावर करा. तालमीत भिंतीवर लावलेले जुने संघफोटो बघा, सोबत खेळलेल्या दुसऱ्या कुणाला तरी भेटा, आणि जुन्या वर्तमानपत्रांच्या फाइलींसाठी ग्रंथालयांत चौकशी करा. कोल्हापुरात करवीर नगर वाचन मंदिरासारखी १८५० पासूनची संस्था आहे, तिथून सुरुवात करायला हरकत नाही.

आता जर्सीचं वय. लेबलवर दुकानाचा पत्ता पिन कोडसह असेल, तर ते लेबल १९७२ नंतरचं, कारण पिन कोड त्या वर्षीच्या १५ ऑगस्टला सुरू झाला. मोबाईल नंबर छापलेला असेल तर १९९५ च्या आधीची शक्यता नाही. संतोष ट्रॉफीची, म्हणजे राज्यांच्या संघांमधल्या राष्ट्रीय फुटबॉल स्पर्धेची, जर्सी असेल आणि छातीवर ‘महाराष्ट्र’ असेल, तर राज्यस्थापनेनंतरची, म्हणजे १९६० पासून पुढची.

पाठीवरचा नंबरही बोलतो. जुन्या २-३-५ रचनेत (मागे दोन बॅक, मध्ये तीन हाफ, पुढे पाच फॉरवर्ड) १ गोलकीपर, २ आणि ३ बॅक, ४ ते ६ हाफ, ७ राइट आउट, ८ राइट इन, ९ सेंटर फॉरवर्ड, १० लेफ्ट इन, ११ लेफ्ट आउट. आजोबा “मी लेफ्ट आउट” म्हणत असतील आणि जर्सी ५ नंबरची निघाली, तर लगेच शंका घेऊ नका. जर्सींचा संच मंडळाचा असला की तीच जर्सी एकाच्या अंगावरून दुसऱ्याच्या अंगावर जायची. नातवाला मात्र १० नंबर म्हणजे मेस्सीच वाटणार, त्याला इलाज नाही.

कापड ओळखायला आतल्या शिवणीतला एक सुटा धागा काढून चिमट्यात धरून पेटवा. कागद जळल्यासारखा वास आणि मऊ राख म्हणजे सुती. वितळून कडक मणी झाला तर पॉलिस्टर. केस जळल्याचा वास आला तर लोकर.

धुवायचीच असेल तर पांढरा ओला रुमाल प्रत्येक रंगावर थोडा दाबून बघा. रंग रुमालाला लागला तर धुणं रद्द. शिवून लावलेला लाल नंबर पांढऱ्या अंगावर पसरला की परत येत नाही. रंग पक्का असेल तर थंड पाण्यात सौम्य साबण विरघळवा, जर्सी पंधरा-वीस मिनिटं भिजवा आणि न चोळता स्वच्छ पाण्यातून काढा. पिळू नका. टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा आणि सावलीत आडवी वाळवा. ब्लीच नको, मशीन नको, छापील नंबरावर इस्त्री तर नकोच. घाम राहिला तर कापड पिवळं पडतं आणि कसर लागते, म्हणून घाम काढायचा; पण फायनलचा मातीचा डाग जात नसेल तर माझ्या मते त्याच्यामागं लागू नये.

ठेवताना प्लॅस्टिकची पिशवी टाळा, पावसाळ्यात आत दमट राहून बुरशी धरते. धुतलेल्या मलमलीत सैल गुंडाळा. डांबरगोळ्या कापडाला चिकटून नकोत, छापील नंबराला तर अजिबात नकोत. वर्षातून एकदा, पाऊस सरल्यावर, बाहेर काढून हवा द्या आणि घड्या बदला, कारण कापड घडीवरच फाटतं. फ्रेम करायची असेल तर डिंक आणि स्टेपलर दूर ठेवा. सुती कापडावर सुती दोऱ्यानं टाके घालून बसवा, काच कापडाला टेकू देऊ नका आणि फ्रेम उन्हाच्या भिंतीवर लावू नका.

मलमलीत एक चिठ्ठी घाला: कुणाची, कोणता संघ, साधारण कोणती वर्षं, कुणी सांगितलं. चिठ्ठी पेन्सिलनं लिहा, शाई दमट हवेत फुटते. मॅचला घालायला कुणी मूळ जर्सी मागितली तर देऊ नका. काढलेले फोटो शिंप्याला दाखवा आणि तशीच नवी शिवून घ्या.