आधी चित्र, मग अक्षर: लहान मुलांशी मैत्रीविषयी बोलताना

मैत्री म्हणजे काय, हे चार वर्षांच्या मुलाला सांगून कळत नाही. परंतु चित्रात दोन मुले एकमेकांकडे पाठ करून बसलेली दिसली, की तेच मूल पटकन ‘यांची कट्टी झालीय’ असे म्हणते. म्हणून चित्रपुस्तक हाती घेतल्यावर पहिल्या फेरीत मजकूर मुळीच वाचू नये. पाने सावकाश उलटावीत आणि दोघांमधले अंतर कुठे वाढले, कुणाची मान खाली गेली, हात कुणी पुढे केला, हे मुलांनाच शोधू द्यावे.

पुस्तक निवडताना माझी एकच कसोटी असते: भांडण आणि समेट या दोन्ही गोष्टी चित्रांत दिसल्या पाहिजेत. शेवटच्या पानावर तात्पर्य छापलेले पुस्तक मी बाजूला ठेवते, कारण ते वाचले की मुलांचे बोलणे तिथेच थांबते. साताऱ्याच्या पालकांना भिलार जवळ आहे. पाचगणी-महाबळेश्वर परिसरातले हे गाव ४ मे २०१७ पासून ‘पुस्तकांचे गाव’ झाले असून तेथील घराघरांत पुस्तके विनामूल्य वाचता येतात, बालसाहित्यही तेथे आहे. नॅशनल बुक ट्रस्टची मराठी पुस्तके अल्प किमतीत मिळतात, तर प्रथम बुक्सच्या स्टोरीवीव्हर या संकेतस्थळावरील मराठी गोष्टी फुकट उतरवून घेता येतात.

एका वेळी पाच-सहा मुलेच सतरंजीवर बसवावीत आणि पुस्तक त्यांच्या डोळ्यांच्या उंचीवर धरावे. थांबायच्या दोन जागा आदल्या दिवशीच ठरवून ठेवाव्यात. प्रत्येक पानावर प्रश्न विचारला तर गोष्टीची परीक्षा होते.

खरी कसोटी प्रश्नांची आहे. ‘त्याने चेंडू द्यायला हवा होता ना?’ असे विचारले की सगळी मुले एका सुरात ‘हो’ म्हणतात, आणि त्या होकारातून आपल्याला काहीच कळत नाही. त्याऐवजी ‘हा असा का बरं बसला असेल?’ एवढेच विचारून मनातल्या मनात दहा अंक मोजावेत. ही शांतता मोठ्यांना जड जाते, पण बुजरी मुले बहुधा त्यातच बोलू लागतात. जे मूल बोलत नाही, त्याने चित्रावर बोट ठेवले तरी ते उत्तर मानावे. एखादे तीन वर्षांचे मूल ‘चेंडू त्याचाच आहे, तो कशाला देईल?’ असे म्हणाले, तर त्याला स्वार्थी ठरवू नये. दुसऱ्याच्या मनात आपल्याहून वेगळे काही असू शकते, ही समज साधारणपणे चौथ्या-पाचव्या वर्षी पक्की होत जाते. ‘बरं, मग त्या दुसऱ्याला काय वाटत असेल?’ असे विचारून पान उलटावे.

अंगणात नुकतेच घडलेले भांडण मात्र पुस्तकात ओढून आणू नये. ‘बघ, तूही असंच करतोस’ हे एक वाक्य ऐकले, की ते मूल त्या पुस्तकाला पुन्हा हात लावत नाही. दोन दिवस जाऊ द्यावेत. मग पुस्तकातले भांडण आणि आपले भांडण यांतले साम्य मुलांना आपोआप पटते.

सातारा-सांगलीच्या ऊसपट्ट्यात याला आणखी एक बाजू आहे. गाळप हंगाम सुरू झाला की मराठवाड्यातून ऊसतोडीसाठी कुटुंबे येतात, आणि त्यांची लहान मुले अंगणवाडीत आली तर त्यांच्या बोलीतले शब्द इथल्या मुलांना नवे वाटतात, क्वचित हसूही येते. अशा वेळी शब्द नसलेले चित्रपुस्तक घ्यावे. एकाच चित्रातल्या वस्तूला दोन्हीकडची मुले काय म्हणतात, हे आळीपाळीने विचारावे आणि दोन्ही शब्द फळ्यावर लिहावेत; मुलांना अक्षरे येत नसली, तरी आपला शब्द फळ्यावर चढला हे त्यांना कळते. त्यानंतर नव्या मुलाला आणि इथल्या एका मुलाला एकच पुस्तक मांडीवर देऊन शेजारी बसवावे. पाने उलटण्यासाठी दोघांना आपोआप जवळ सरकावे लागते.

हंगाम संपताना ही मुले परत जातात. त्याआधी एका दुपारी चार कोरे कागद मध्ये दुमडून शिवावेत आणि दोन्ही मित्रांना त्यांत आपल्या खेळाची चित्रे काढू द्यावीत. अशा दोन वह्या कराव्यात, म्हणजे एक अंगणवाडीच्या फडताळात राहील आणि दुसरी बिऱ्हाडाबरोबर गाडीत जाईल.