टॉकबॅक लावा आणि फॉर्म भरून बघा

न दिसणाऱ्यांना वापरता येतं का, हे तपासायला आलेलं अ‍ॅप मी आधी ऑटोमॅटिक टूलला देत नाही. टॉकबॅक, म्हणजे स्क्रीनवरचं वाचून दाखवणारा अँड्रॉइडचा स्क्रीन रीडर, सुरू करते, आयफोन असेल तर व्हॉइसओव्हर, डोळे मिटते आणि लॉगिनपासून एक काम तडीस नेऊन बघते. बोट उजवीकडे सरकवलं की पुढचा घटक वाचला जातो, डबल टॅप केलं की तो निवडला जातो. सुरुवातीला एवढं पुरतं.

नुसतं ‘बटण’ असं ऐकू आलं, तर त्याला नाव द्या. अँड्रॉइडवर कंटेंट डिस्क्रिप्शन, आयफोनवर अ‍ॅक्सेसिबिलिटी लेबल. नावात काम सांगा: ‘भिंग’ नको, ‘शोधा’ हवं. पुढे ‘बटण’ लिहू नका, ते स्क्रीन रीडर आपणहून म्हणतो. वेबपानाच्या कोडमधल्या, भाषा सांगणाऱ्या लँग अ‍ॅट्रिब्यूटमध्ये मराठीसाठी ‘एमआर’ लिहिलंय ना, तेही बघा. तिथे इंग्रजी राहिलं, तर मराठी मजकूर इंग्रजी आवाजात वाचला जाऊ शकतो.

सगळ्यात जास्त वेळ द्या फॉर्मला, कारण माणूस अडकतो तो तिथेच. प्लेसहोल्डर, म्हणजे रिकाम्या रकान्यात दिसणारा फिकट मजकूर, हे लेबल नव्हे. टाइप करायला लागलं की तो गायब होतो. प्रत्येक रकान्याला कायम दिसणारं लेबल द्या आणि ते कोडमध्ये रकान्याशी जोडा. चूक झाल्यावर चौकट नुसती लाल केली, तर न दिसणाऱ्याला काहीच कळत नाही. ‘पासवर्ड किमान ८ अक्षरांचा हवा’ असं शब्दांत लिहा, हा मजकूर कोडमधल्या एरिया-डिस्क्राइब्डबाय (aria-describedby) ने रकान्याला जोडा आणि सबमिट केल्यावर फोकस (स्क्रीन रीडर किंवा कीबोर्ड सध्या जिथे आहे ती जागा) पहिल्या चुकीच्या रकान्यावर न्या. एवढं केलंत तरी कितीतरी लोकांचं काम कुणाला हाक न मारता होईल.

वेबसाइट असेल तर माउस बाजूला ठेवून टॅबने फिरा. फोकस कुठे आहे ते दिसलंच पाहिजे. डिझाइनला शोभत नाही म्हणून फोकस दाखवणारी आउटलाइन काढून टाकणं मला अजिबात मान्य नाही. पॉपअप एस्केपने बंद व्हावा आणि फोकस ज्या बटणावरून आला तिथेच परतावा.

रंगांचं गणित सरळ आहे. डब्ल्यूसीएजी या वेब सुगम्यतेच्या नियमावलीच्या एए पातळीला साध्या मजकुरासाठी मजकूर आणि पार्श्वभूमीत ४.५:१ कॉन्ट्रास्ट लागतो, मोठ्या अक्षरांना ३:१. पांढऱ्यावर ७७७७७७ या कोडचा करडा रंग ४.४८ वर अडकतो, ७६७६७६ पास होतो. याच नियमावलीच्या २०२३ च्या २.२ आवृत्तीत बटणासाठी किमान २४ पिक्सेल सांगितलेत. अँड्रॉइडवर मात्र मी ४८ डीपीच (डीपी हे अँड्रॉइडचं स्क्रीनवरच्या मापाचं एकक) मागते.

टूल चालवा ते यानंतर. चित्राला ऑल्ट मजकूर, म्हणजे चित्राचं शब्दांतलं वर्णन, आहे की नाही ते टूल सांगतं, तो बरोबर आहे का हे तुम्हालाच ऐकावं लागतं. डेव्हलपरला बग देताना तीन गोष्टी लिहा: कोणती स्क्रीन, काय ऐकू आलं, काय ऐकू यायला हवं होतं.