गौतमीपुत्राचं घराणं अभ्यासायचंय? मग आधी लेणं चढा

एम.ए.ला प्राचीन भारताचा इतिहास घेतला की सातवाहनांपाशी, म्हणजे गौतमीपुत्राच्या घराण्यापाशी, गाडी अडते. मुलं पुराणांतली राजांची यादी पाठ करायला बसतात आणि पुराणांचा आपसातच मेळ नाही. मी ती यादी बाजूला ठेवून नाशिकची पांडवलेणी गाठली. नव्यांनाही हेच सांगेन.

तीन नंबरच्या लेण्यात गौतमीपुत्र सातकर्णीच्या आईचा, गौतमी बलश्रीचा लेख आहे. नातू पुळुमावीच्या 19व्या राज्यवर्षातला. नोंद लेणं दान दिल्याची, पण बराचसा मजकूर लेकाच्या कौतुकाचा. ‘खखरातवसनिरवसेसकर’, म्हणजे क्षहरातांचा, या शत्रू शक घराण्याचा, वंश निःशेष करणारा, हे बिरुद सगळेच वहीत उतरवतात. तिथेच आईची सेवा करणारा असंही म्हटलंय, ते सुटतं. खुद्द गौतमीपुत्राच्या 24व्या राज्यवर्षातला, नाशिकजवळच्या गोवर्धनच्या अमात्याला (अधिकाऱ्याला) धाडलेला हुकूमही इथेच आहे. तो राजा आणि राजमाता, दोघांच्या नावाने निघालाय. बाई कारभारात होती, हे याहून स्पष्ट कुठे मिळायचं?

जाताना एपिग्राफिया इंडिका या कोरीव लेखांच्या नियतकालिकाच्या आठव्या खंडातल्या पाठांची झेरॉक्स न्या आणि या लेखांच्या ब्राह्मी लिपीची मुळाक्षरं गिरवून जा, नाहीतर नुसते फोटो काढून परत याल.

मग दहा नंबरचं लेणं बघा. ते शत्रूच्या घरचं: क्षहरात राजा नहपानाचा जावई उषवदात आणि मुलगी दक्षमित्रा यांची दानं तिथे नोंदलेली आहेत. दोन्ही लेण्यांचे खांब शेजारी ठेवावेत इतके सारखे. आईने लेकाला दिलेल्या त्या बिरुदाचा पुरावा मात्र नाण्यांत आहे. 1906 मध्ये नाशिक जिल्ह्यातल्या जोगळटेंभीला नहपानाची 13 हजारांवर चांदीची नाणी सापडली. त्यांतल्या नऊ हजारांहून जास्त नाण्यांवर गौतमीपुत्राने आपला छाप मारलाय.

परीक्षेत दोन गोष्टी सांभाळा. सातवाहन राजे आईचं नाव लावतात म्हणून मातृसत्ता ठोकून देऊ नका. गादी बापाच्या वंशातच चालत होती. दुसरं, नंतरचा शक राजा रुद्रदामन क्षहरात नव्हे, कार्दमक या दुसऱ्या शक घराण्यातला. त्याची मुलगी सातवाहनांच्या घरात दिलेली, हे कान्हेरीच्या लेखावरून कळतं. जुनागढच्या लेखात तो म्हणतो, सातकर्णी नावाच्या सातवाहन राजाला दोनदा हरवलं, पण जवळचं नातं म्हणून संपवलं नाही. या प्रश्नाला हमखास मार्क असतात.