पुढचा ब्रेक दाबला की पडतो म्हणे! बाईकचा ब्रेक मारताना या चुका टाळा

मला गाडी काकांनी शिकवली, त्यांच्या एम-८०वर, गावाच्या बाजार पटांगणात, आणि क्लच कसा सोडायचा हे सांगायच्या आधी त्यांनी काय सांगितलं असेल तर "हातातल्या ब्रेकला हात लावायचा नाही, उलटा पडशील." झालं. पुढची दहा-बारा वर्षं मी फक्त पायाच्या, म्हणजे मागच्या चाकाच्या ब्रेकवर गाडी चालवली, आणि मजा म्हणजे कधी पडलो नाही म्हणून मला वाटायचं आपलं बरोबरच आहे.

मग एका जानेवारीत, कराडहून पाटणला जाताना, तिन्हीसांजेला, उसाची ट्रॉली. रस्त्याच्या कडेला अर्धी डांबरावर उभी, मागं ना लाल दिवा ना रेडियम, दिसली तेव्हा माझा स्पीड साठच्या आसपास. पाय सगळ्या ताकदीनं दाबला. मागचं चाक लॉक झालं आणि गाडीचं शेपूट डावीकडं निघालं, गाडी थांबायच्या ऐवजी सरकतच राहिली, आणि मी ट्रॉलीच्या शेजारून साइडपट्टीच्या मातीत जाऊन आडवा झालो. गुडघा फुटला, बाकी काही नाही. दुसऱ्या दिवशी मुद्दाम जागा बघायला गेलो तर टायरचा काळा पट्टा होता, माझी बावीस पावलं, आधी सरळ आणि मग विळ्यासारखा वाकलेला. पुढच्या चाकाची साधी रेघ पण नाही.

पहिली चूक तीच, फक्त मागचा ब्रेक

ब्रेक मारला की गाडीचं वजन पुढं पळतं. आपण एसटीत उभे असताना ड्रायव्हरनं ब्रेक मारला की पुढं झुकतो ना, तसंच. पुढचा शॉकअप दबतो, पुढचं टायर रस्त्यावर दाबलं जातं, मागचं हलकं होतं, आणि हलक्या चाकाला करकचून ब्रेक लावला की ते फिरायचं थांबतं आणि घसरायला लागतं. म्हणून कोरड्या डांबरावर गाडी थांबवायचं निम्म्याहून बरंच जास्त काम पुढचा ब्रेक करतो. कंपनीवाले बऱ्याच गाड्यांना पुढं जास्त जोराचा डिस्क ब्रेक देतात आणि मागं साधा ड्रम ठेवतात ते काय उगाच नाही.

पण काका पूर्ण खोटं पण बोलत नव्हते हां. पुढचा ब्रेक झटक्यात आवळला तर वजन पुढं यायच्या आधीच चाक लॉक होतं आणि पुढचं चाक लॉक झालं की सावरायला वेळच मिळत नाही. लिंबू पिळतो तसं दाबायचं. आधी लिव्हर हलकी ओढून पॅड डिस्कला टेकवायचे, शॉकअप दबलेला हाताला कळतो, मग जोर वाढवत जायचा, आणि हे सगळं एक सेकंदाच्या आतलं काम आहे. सोबत पाय हलका. रविवारी सकाळी मोकळ्या मैदानाशेजारच्या डांबरावर तीसच्या स्पीडनं एक खूण धरून दहा वेळा थांबून बघा, मग चाळीसनं. मी केलं तेव्हा पहिले चार-पाच प्रयत्न खूण ओलांडून पुढंच गेलो होतो.

पुढचा नाही वापरायचा कधी? हॅण्डल वळलेलं असताना, म्हणजे गर्दीत यू टर्न घेताना किंवा पार्किंगमधून निघताना. चालण्याच्या स्पीडला हॅण्डल वाकडं आणि पुढचा ब्रेक, की गाडी हळूच कुशीवर झोपते आणि सगळे बघतात. तिथं पायाचाच बरा. आणि वळणावर वाळू, खडी असली तरीही पुढच्याला हात नको. वळणाचा ब्रेक वळणाच्या आधी, गाडी सरळ असताना मारून घ्यायचा, हे घाटात दोन वेळा पोटात गोळा आला की आपोआप कळतं.

क्लच आधी दाबणे

ही सवय इतकी अंगात असते की विचारूच नका. समोर कुत्रं आलं की डावा हात आधी मुठीत. क्लच दाबला की इंजिन चाकापासून सुटतं, इंजिनाची जी ओढ असते ती गेली, सगळा भार ब्रेकवर. रेस सोडा, ब्रेक दाबा, आणि क्लच अगदी शेवटी गाडी बंद पडायला आली की.

याचाच थोरला भाऊ म्हणजे उताराला न्यूट्रल. कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडं जाताना अजून कितीतरी लोक गाडी न्यूट्रल करून, काहीजण तर चावी बंद करून जातात, पेट्रोल वाचतं म्हणून. हल्लीच्या फ्युएल इंजेक्शनच्या गाड्यांत गिअरमध्ये रेस सोडून उतरलात तर इंजिन पेट्रोल घ्यायचंच बंद करतं, न्यूट्रलमध्ये मात्र आयडलिंगला घेत राहतं! म्हणजे वाचवायला गेलात ते पण उलटंच. ज्या गिअरनं चढ चढलात त्याच गिअरनं उतरायचं हा ट्रकवाल्यांचा जुना हिशोब आहे, बाईकला पण तोच.

माझ्या एका मित्राचं याच घाटात झालं. डबलसीट, मागं सामान, पाय सतत ब्रेकवर टेकवलेला आणि पुढचा पण दाबत दाबत, आणि अर्ध्या घाटात लिव्हर पार ग्रिपला टेकली, ब्रेक नाहीच. खालच्या गिअरवर इंजिनाच्या ओढीनं कशीबशी कडेला घेतली. अर्धा तास थांबल्यावर ब्रेक परत आला, म्हणून त्याला वाटलं भुताटकी. भुताटकी कसली, ब्रेक ऑइल पाच वर्षांचं होतं. ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढतं. डॉट ४ प्रकारचं ऑइल नवीन असताना किमान २३० डिग्रीपर्यंत उकळत नाही, पाणी शोषलेलं मात्र १५५च्या आसपास उकळू शकतं. उकळलं की नळीत वाफ होते, वाफ दाबली जाते आणि पॅडपर्यंत जोर पोचतच नाही. दर दोन वर्षांनी ऑइल बदलून घ्या. डॉट ३ की डॉट ४ ते ब्रेक ऑइलच्या टाकीच्या झाकणावरच लिहिलेलं असतं. आणि तापलेल्या डिस्कवर पाण्याची बाटली ओतू नका प्लीज, वाकडी होऊ शकते, चहा पीत बसा तेवढा वेळ.

मिस्त्रीला सांगायच्या गोष्टी

लिव्हर दाबल्यावर स्पंजसारखी लागते, दोन-तीनदा पंप केलं की कडक होते? लाइनमध्ये एअर आहे, काढून घ्या. लिव्हर हाताला हळूहळू मागंपुढं धडधडते, म्हणजे डिस्क वाकडी असू शकते. खरखर लोखंडी आवाज आला तर पॅड संपलेत, त्याच दिवशी बघा नाहीतर डिस्कला चर पडतात आणि चारशेच्या कामाला दोन-तीन हजार जातात.

धुऊन आणली आणि ब्रेक लागेना, हे मला कितीतरी जणांनी सांगितलंय. सर्व्हिसिंगला डिझेल मारतात, वर पॉलिश, चेनला स्प्रे, आणि त्यातलं थोडं डिस्कवर उडतं. चेनला स्प्रे मारताना डिस्कच्या बाजूला एक जुनं फडकं धरायचं, एवढंच. आणि चेन टाइट केली की मागचं चाक मागं सरकतं, त्यामुळं ड्रमचा रॉड ओढला जातो आणि ब्रेक न दाबताच लायनर, म्हणजे ड्रमच्या आतले ब्रेकचे पट्टे, घासायला लागतात. गाडी मेन स्टॅण्डला लावून चाक हातानं फिरवून बघा, अडकत असेल तर रॉडचा नट सोडायचा. उलट नट आवळून आवळून पार शेवटाला आला असेल आणि ड्रमवरचा बाण खुणेपर्यंत पोचला असेल तर आवळू नका, लायनर बदला.

एबीएस आहे म्हणून

१२५ सीसीच्या वरच्या नवीन गाड्यांना १ एप्रिल २०१९पासून एबीएस, म्हणजे अँटी-लॉक ब्रेक, सक्तीचं आहे. ब्रेक जोरात दाबल्यावर लिव्हर टकटकते तेव्हा घाबरून सोडायची नाही, दाबून धरायची. चाक लॉक होऊ न देणं हे त्याचं काम, अंतर कमी करणं नव्हे, खडीवर तर उलट जास्त लागतं. आणि सिंगल चॅनल असेल तर ते फक्त पुढच्या चाकाला, मागचं आपलं लॉक होतंच.

पावसाचं वेगळं काय सांगायचं, अंतर डबल ठेवा, पांढरे पट्टे, पुलाच्या लोखंडी सांध्यावर ब्रेक नको, पाण्यातून गेलात की ड्रमवाला ब्रेक थोडा वेळ हलका दाबून वाळवून घ्या. साठच्या स्पीडला एका सेकंदात गाडी सोळा-सतरा मीटर जाते, म्हणजे दीड एसटी. ब्रेकला हात जायच्या आधीच. त्यामुळं गर्दीत दोन बोटं लिव्हरवर ठेवलेली बरी.

जाता जाता, कुणाची जुनी बुलेट चालवायला घेतलीत तर आधी उभ्या उभ्या पाय फिरवून बघा, त्यात गिअर उजवीकडं आणि ब्रेक डावीकडं असतो. मी एका लग्नात ब्रेक समजून गिअर टाकलाय, मांडवाचा बांबू गेला.

काका आता स्कूटर चालवतात, कॉम्बी ब्रेकवाली. तिचा डावा ब्रेक ओढला की मागच्याबरोबर पुढचा पण आपोआप लागतो. परवा म्हणाले, "बघ, अजून एकदापण पुढचा ब्रेक वापरला नाही." मी काही बोललो नाही.