मनगटातून अँजिओग्राफी झाल्यावर रक्त आलं तर कसं थांबवायचं

अँजिओग्राफी, अँजिओप्लास्टी हल्ली बऱ्याचदा मांडीऐवजी मनगटातून करतात, अंगठ्याच्या बाजूला जिथे नाडी बघतात त्याच रेडियल धमनीतून. ही धमनी कातडीच्या लगेच खाली असते आणि तिच्या मागे हाड, त्यामुळे रक्त आलंच तर बोटाने दाबून धरता येतं. मांडीत तसं नाही, तिथे आतल्या आत रक्त साचत राहतं आणि पटकन कळतही नाही. तरी धमनी ती धमनीच, त्यात प्रोसिजर चालू असताना गुठळी होऊ नये म्हणून हेपारिन दिलेलं असतं, म्हणजे नेहमीच्या कापल्या-खरचटल्यासारखं हे रक्त आपोआप थांबेल असं धरून चालायचं नाही.

प्रोसिजर संपून धमनीत घातलेली नळी काढली की मनगटावर पारदर्शक पट्टा बांधतात. त्यात छोटा फुगा असतो, सिरिंजने त्यात हवा भरतात. पारदर्शक कशाला, तर खालची जखम दिसत राहावी म्हणून. आता बऱ्याच लोकांना वाटतं जितका घट्ट तितका चांगला, पण तसं नाहीये! धमनी पूर्ण दाबून ठेवली तर तिच्यात गुठळी होऊन ती कायमची बंद पडू शकते. म्हणून हवा हळूहळू काढत रक्ताचा थेंब दिसेपर्यंत येतात आणि मग परत 1-2 मिली भरतात, रक्त थांबलं पाहिजे पण नाडी चालू राहिली पाहिजे. तपासायचं कसं, तर त्याच हाताच्या बोटाला ऑक्सिमीटर लावून करंगळीच्या बाजूची धमनी दाबायची, तरीही स्क्रीनवर नाडीची लाट दिसली तर रेडियल वाहतेय. हे बघायलाच लागतं, कारण रेडियल बंद पडली तरी करंगळीकडची धमनी हात सांभाळून घेते आणि पेशंटला कळतच नाही, पुढच्या वेळी मात्र तो रस्ता मिळत नाही.

पट्टा साधारण दोनेक तास असतो, हवा थोडीथोडी कमी करतात. तोवर मनगट वाकवू नका, पट्ट्याला स्वतः हात लावू नका, बोटं बधिर झाली किंवा निळी-पांढरी पडली तर नर्सना लगेच सांगा.

घरी आल्यावर रक्त आलं तर आधी खाली बसा, चक्कर येऊन पडलात तर दुप्पट ताप. दुसऱ्या हाताची दोन-तीन बोटं जखमेवर आणि तिच्या किंचित वर, कोपराच्या दिशेने, ठेवून जोरात दाबा. किंचित वर अशासाठी की सुई तिरकी गेलेली असते, धमनीतलं भोक कातडीच्या भोकापेक्षा थोडं वर असतं. हात छातीच्या वर धरा आणि सलग 10 मिनिटं दाबून ठेवा, घड्याळ लावूनच. मध्येच थांबलं का म्हणून उचलून बघायचा मोह सगळ्यांना होतो, आणि तिथेच घोळ होतो, नुकती धरलेली गुठळी सुटते. इथे नाडी चालू राहील का वगैरे विचार करत बसू नका, आधी रक्त थांबवा. कापसावर कापूस गुंडाळत बसणं पण उपयोगाचं नाही, दाब बोटाचाच हवा. 10 मिनिटांनी थांबलं नाही किंवा रक्त उसळून येत असेल तर दाब न सोडता अँब्युलन्स बोलवायला सांगा, स्वतः गाडी चालवत जाऊ नका.

बाहेर थेंब नाही पण हात फुगत चाललाय, दगडासारखा कडक लागतोय, बोटं हलवली की कळ येतेय, तर आत रक्त साचतंय असं समजा, दाबून धरा आणि तातडीने हॉस्पिटल गाठा. नुसता काळानिळा डाग मात्र बऱ्याच जणांना पडतो आणि आपोआप जातो.

पहिले 24 तास त्या हाताने वजन उचलू नका, खुर्चीतून उठताना त्यावर जोर देऊ नका (हे हमखास विसरतं), जखम पाण्यात बुडवू नका. जड कामाला पुढचे काही दिवस सुट्टी, किती ते डॉक्टर सांगतील. आणि रक्त आलं म्हणून घाबरून ॲस्पिरिन, क्लोपिडोग्रेल या गुठळी होऊ न देणाऱ्या गोळ्या स्वतःच्या मनाने बंद करू नका, स्टेंट (धमनी उघडी ठेवणारी जाळीची नळी) बसवला असेल तर त्यात गुठळी होऊन हार्ट अटॅक येऊ शकतो, गोळ्यांचं काय करायचं ते डॉक्टरांनाच विचारा.