खरं वागलो तरी नुकसान झालं, आता काय करायचं?

समजा मुलीच्या ॲडमिशनसाठी उत्पन्नाचा दाखला हवाय, तिथे कोणीतरी हळूच चहापाण्याचं विचारलं, तुम्ही नाही म्हणालात आणि अर्ज तसाच पडून राहिला. शेजारच्याने दिले, त्याचा दाखला लगेच हातात. मग रात्री झोप लागत नाही, देव आहे की नाही इथपासून आपणच येडे ठरलो इथपर्यंत सगळं डोक्यात येतं. येऊ द्या. फक्त त्या रात्री काही ठरवू नका.

आधी दोन प्रश्न वेगळे करा. मी वागलो ते बरोबर होतं का, हा एक. त्यानंतर जे झालं ते न्यायाचं होतं का, हा दुसरा. आपण काय करतो, नुकसान झालं म्हणजे माझंच चुकलं असं धरून चालतो आणि पुढच्या वेळी गपचूप पाकीट काढतो. अर्ज अडवला तो अडवणाऱ्याने, त्याचं पाप स्वतःच्या डोक्यावर घेऊ नका.

मग मुलीशी बोला, हे बहुतेक जण टाळतात. नाही म्हणालात तुम्ही आणि भोगायचं तिने, म्हणजे तिचा राग खराच आहे ना. का नाही म्हणालो ते सरळ सांगा, संस्कारांचं लेक्चर नको.

आणि नुसतं सोसत बसू नका. अर्जाची पोच जपून ठेवा. 2015 च्या महाराष्ट्र लोकसेवा हक्क कायद्यात अशा दाखल्यांना मुदत ठरवलेली आहे, ती उलटली की 30 दिवसांत पहिलं अपील करता येतं, तिथेही नाही झालं तर दुसरं, आणि दोषी अधिकाऱ्याला 500 ते 5000 रुपये दंड होऊ शकतो. लाच मागितली तर एसीबीचा, म्हणजे लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा, नंबर 1064. कोणी जबरदस्तीने द्यायला लावलीच असेल तर 7 दिवसांच्या आत तक्रार करा, कारण 2018 पासून देणाराही गुन्हेगार धरला जातो आणि ही तक्रारच तुम्हाला वाचवते.

आता श्रद्धेचं. "मागच्या जन्माचं काहीतरी असेल" असं कोणी म्हटलं तर सोडून द्या, पण तुम्ही दुसऱ्या कोणाला हे कधीच म्हणू नका, फार लागतं ते. चोखोबांचं बघा, जन्मभर विठ्ठलाचं नाव घेतलं, देवळात पाऊल ठेवू दिलं नाही, मंगळवेढ्याला गावकुसाचं काम करताना अंगावर भिंत पडून गेले. ह्यात कुठलं आलं चांगल्याचं चांगलं? त्यांनी विठोबाला सरळ जाब विचारलाय आणि तरी नाव सोडलं नाही, म्हणून देवाशी भांडायचं असेल तर खुशाल भांडा, आपल्यात ती जुनी रीत आहे. त्यांची समाधी महाद्वाराबाहेरच झाली, आणि पंढरपूरचं देऊळ दलितांना उघडं व्हावं म्हणून 1947 साली साने गुरुजींना उपोषणाला बसावं लागलं. सहाशे वर्षं गेली मधे! गुरुजी देव मानणारेच होते, पण देव बघून घेईल म्हणून घरी बसले नाहीत.

एक मात्र पाळा, ह्या दिवसांत नवस बोलू नका. काम झालं तर अमुक करीन म्हणणं म्हणजे देवालाही टेबलाखालून देण्यासारखंच, मला तरी तसं वाटतं, सगळ्यांना पटणार नाही. रोजची दिवाबत्ती, हरिपाठ, जे काही करत असाल ते तेवढंच चालू ठेवा, जास्त नको, कमीही नको.

आणि एवढं करूनही ॲडमिशन हुकलीच तर? हुकू शकते. वर्ष जाईल, पैसे जातील, ते नुकसान खरं आहे आणि त्याला "होतं ते भल्यासाठी" म्हणू नका, मुलीसमोर तर नाहीच. अपील तेवढं मागे घेऊ नका, आता दाखल्याचा उपयोग नाही म्हणून लोक तिथेच सोडतात, पण कोणी अडवलं आणि किती दिवस अडवलं हे कागदावर यायलाच हवं, त्याच खिडकीवर उद्या दुसरं कोणीतरी उभं राहणार आहे.