या चुका टाळा: घरचा कॉम्प्युटर, ईमेल आणि तो बॅकअप ड्राइव्ह

कॉम्प्युटर बिघडला की लोक मला फोन करतात. म्हणजे लगेच नाही करत, आधी स्वतः दोन तास काहीतरी उद्योग करून ठेवतात आणि मग करतात. मूळ बिघाड बहुतेक वेळा किरकोळ असतो, त्या दोन तासांत जे झालेलं असतं ते निस्तरताना नाकी नऊ येतात. माणसं वेगळी, चुका त्याच. म्हणून एकदाच लिहून टाकतोय, पुढच्या वेळी कोणी विचारलं की हेच पाठवून देईन.

ड्राइव्हवर फोटो टाकले म्हणजे बॅकअप झाला असं नाही

माझं डोकं सगळ्यात जास्त यानेच फिरतं म्हणून आधी हे. लॅपटॉपमध्ये जागा संपली, एक्स्टर्नल ड्राइव्ह आणला, फोटो कट केले, तिकडे पेस्ट केले, लॅपटॉप मोकळा झाला, आणि वर सगळ्यांना सांगायचं की माझा बॅकअप आहे. अहो कुठला बॅकअप? आधी फोटो एका जागी होते, आताही एकाच जागी आहेत, आणि ही नवी जागा टेबलावरून खाली पडू शकते. बॅकअप म्हणजे दुसरी प्रत, पहिली शाबूत असताना केलेली. पहिली उडवली की जी उरते तिला बॅकअप म्हणत नाहीत.

माझ्या मावसभावाने नेमकं हेच केलेलं. मुलीच्या जन्मापासूनचे फोटो आणि व्हिडिओ एका पोर्टेबल ड्राइव्हवर, लॅपटॉपवरून उडवलेले, फोनमधूनही उडवलेले. एक दिवस ड्राइव्ह लावला तर विंडोजने विचारलं, हा ड्राइव्ह वापरण्याआधी फॉरमॅट करावा लागेल, करायचा का? आणि ह्याने केला! का केलास विचारलं तर म्हणे ‘अरे तोच म्हणाला ना, करावा लागेल म्हणून’.

आता हे नीट ऐका. त्या मेसेजचा अर्थ एवढाच की विंडोजला त्या ड्राइव्हवरची फाइल सिस्टीम, म्हणजे कुठली फाइल कुठे आहे याची मांडणी, वाचता येत नाहीये. डेटा गेला असं तो म्हणतच नाही. कारण काहीही असू शकतं, केबल सैल असेल, मागच्या वेळी कॉपी चालू असताना ओढून काढला असेल, खराब सेक्टर (ड्राइव्हवरचे डेटा ठेवायचे छोटे कप्पे) असतील, किंवा ड्राइव्ह अगदी ठणठणीत असेल पण मॅकवर फॉरमॅट केलेला असेल जो विंडोजला मुळात वाचताच येत नाही. यातल्या कशालाच फॉरमॅट हा इलाज नाही. तिथे एकच बटण तुमचं, कॅन्सल.

भावाचं नशीब एवढंच की क्विक फॉरमॅट होता. क्विकमध्ये फक्त नवी रिकामी अनुक्रमणिका लिहिली जाते, खालचा डेटा बराचसा जागेवर राहतो. फुल फॉरमॅट केला असता तर विंडोज व्हिस्टापासून त्यात अख्ख्या ड्राइव्हवर शून्यं लिहिली जातात, मग हात जोडायचे. पण साहेब तिथे थांबले नाहीत. ड्राइव्ह आता रिकामा दिसतोय तर चालतोय का बघू म्हणून चार-पाच पिक्चर कॉपी केले त्याच्यावर, म्हणजे जुन्या फोटोंच्या डोक्यावर. मग कुठूनतरी रिकव्हरीचं सॉफ्टवेअर उतरवलं, स्कॅन लावला, आणि सापडलेल्या फाइली कुठे सेव्ह करायच्या असं विचारल्यावर निवडला काय तर तोच ड्राइव्ह. हे वाचून हसू येत असेल तर हसा, पण दहातले सहा-सात जण हेच करतात कारण तो पर्याय समोर असतो आणि घाई असते.

शेवटी फोटोरेक नावाचं रिकव्हरीचं सॉफ्टवेअर लावून बरेचसे फोटो निघाले, पण कसे? फोल्डर नाहीत, मूळ नावं नाहीत, प्रत्येक फाइलचं नाव म्हणजे एक एफ आणि पुढे आकड्यांची माळ. व्हिडिओ जवळपास सगळे गेले, कारण मोठी फाइल ड्राइव्हवर तुकड्यातुकड्यांत पडलेली असू शकते आणि अनुक्रमणिका नसली की तुकडे जोडणार कोण. वहिनी अजून तो ढीग तारखेप्रमाणे लावतायत.

तर ड्राइव्ह दिसेना झाला की मी काय करतो ते सांगतो. आधी केबल बदलतो. खरंच, आधी केबल. मग पोर्ट बदलतो, डेस्कटॉप असेल तर मागचा पोर्ट, हब असेल तर हब बाजूला. यूएसबी २.० चा पोर्ट नियमाप्रमाणे ५०० मिलिअँपिअर देतो, ३.० चा ९००, आणि पोर्टेबल ड्राइव्हची तबकडी फिरायला लागताना चांगलीच भूक असते, चार डिव्हाइस लावलेल्या स्वस्त हबवर ती भागत नाही आणि मग ड्राइव्ह टिकटिक करत चालू-बंद होत राहतो. त्यानंतर डिस्क मॅनेजमेंट उघडून बघतो (स्टार्टवर राइट क्लिक केलं की सापडतं), ड्राइव्हचा आकार बरोबर दिसतोय का आणि पुढे ‘रॉ’ (म्हणजे फाइल सिस्टीम ओळखता येत नाहीये) लिहिलंय का. आकार बरोबर आणि रॉ असेल तर आशा आहे. क्रिस्टलडिस्कइन्फो या ड्राइव्हची तब्येत दाखवणाऱ्या प्रोग्रॅममध्ये ‘रीअलोकेटेड’ किंवा ‘पेंडिंग’ (म्हणजे बाद झालेल्या किंवा संशयित) सेक्टरचे आकडे वाढत असतील तर ड्राइव्ह मरायला टेकलाय, त्याच्यावर आणखी प्रयोग नकोत. डीडीरेस्क्यू नावाच्या प्रोग्रॅमने अख्ख्या ड्राइव्हची इमेज, म्हणजे हुबेहूब प्रत, दुसऱ्या ड्राइव्हवर घ्यायची आणि सगळी शोधाशोध त्या इमेजवर करायची. आणि केबल-पोर्ट बदलूनही आतून कट-कट आवाज येतच राहिला तर लगेच काढा आणि परत लावूच नका, ‘अजून एकदा बघतो’ करता करता आतलं हेड (तबकडीवरचं वाचणारी सुई) तबकडी खरवडत असतं. तिथून पुढे ते डेटा रिकव्हरीच्या लॅबचं काम.

चेकडिस्क (विंडोजमधलंच डिस्क तपासायचं साधन) चालवा असा सल्ला पहिल्याच वाक्यात देणाऱ्यांपासून सांभाळून राहा. चेकडिस्कचं काम फाइल सिस्टीमचा हिशेब जुळवणं आहे, तुमचे फोटो वाचवणं नाही, आणि हिशेब जुळत नसेल तर तो फोटोची नोंद खुशाल खोडून टाकतो. आधी प्रत, मग चेकडिस्क. आणि ड्राइव्ह फ्रीजरमध्ये ठेवा म्हणणारे अजूनही भेटतात, त्यांना लांबूनच नमस्कार. बाहेर काढल्यावर आत दव धरतं, एवढं पुरे.

माझी सवय विचाराल तर दोन ड्राइव्ह, एक घरी आणि एक बहिणीकडे, अधूनमधून अदलाबदल. कॉपी झाली की ड्राइव्ह काढून ठेवायचा, लावून ठेवायचा नाही. मे २०१७ मध्ये वॉनाक्राय रॅन्समवेअर (फाइलींना कुलूप लावून खंडणी मागणारा व्हायरस) जगभर पसरलं तेव्हा ज्यांचे बॅकअप ड्राइव्ह लावलेले होते त्यांचे बॅकअपही कुलूपबंद झाले. आणि कॉपी झाल्यावर दुसऱ्याच मशीनवर नेऊन दोन-चार फाइली उघडून बघतो, मधल्या कुठल्यातरी, पहिल्या नाही. ज्या बॅकअपमधून एकदाही काही परत काढून बघितलेलं नाही त्याच्यावर मी विश्वास ठेवत नाही, हिरवी टिक कितीही दिसू दे.

सिंक, म्हणजे लॅपटॉप आणि क्लाउड (इंटरनेटवरची जागा) सतत एकसारखे ठेवणं, हा बॅकअप नाही. लॅपटॉपवर उडवलं की क्लाउडवरही उडतं, सिंकचं कामच ते. मायक्रोसॉफ्टच्या वनड्राइव्हच्या पर्सनल अकाउंटमध्ये रिसायकल बिन ३० दिवस सांभाळतं, तुम्हाला ४० व्या दिवशी आठवलं तर बसा. शिवाय फाइलच्या बाजूला ढगाचं चिन्ह असेल तर ती फाइल तुमच्या मशीनवर नाहीच, नुसतं नाव आहे.

काही छोट्या गोष्टी ज्या मी परत परत सांगून थकलोय. एक टीबीचा ड्राइव्ह ९३१ जीबी दाखवतो म्हणजे दुकानदाराने फसवलं नाही, कंपनी हजाराने मोजते आणि विंडोज १०२४ ने. जागा भरपूर असूनही मोठी फाइल जात नसेल तर पेन ड्राइव्ह फॅट३२ या जुन्या पद्धतीने फॉरमॅट केलेला आहे, त्यात एक फाइल ४ जीबीच्या आतच लागते, डेटा बाजूला काढून एक्सफॅट या पद्धतीने फॉरमॅट करा. नखाएवढा पेन ड्राइव्ह, कवडीमोल किंमत आणि वर छापलंय २ टीबी, तर तो खोटा आहे, आत ३२ किंवा ६४ जीबी असते आणि ती भरली की पुढच्या फाइली नुसत्या ‘गेल्या’ असं दाखवतो, एच२टेस्टडब्ल्यू या प्रोग्रॅमने खरी जागा तपासा. बिटलॉकरची (विंडोजचं ड्राइव्हला लागणारं कुलूप) ४८ आकडी रिकव्हरी की आजच शोधून कागदावर लिहा, कारण बायोस (मशीन सुरू करणारा मदरबोर्डवरचा प्रोग्रॅम) अपडेट झाल्यावर एखाद दिवशी मशीन ती मागेल आणि ‘मी तर कधी लावलंच नव्हतं’ हे त्याला सांगून उपयोग नाही, नव्या लॅपटॉपवर मायक्रोसॉफ्ट अकाउंटने लॉगिन केलं की बऱ्याचदा ते आपोआप चालू होतं.

‘बंद करून चालू केलं, तरी तेच’

तुम्ही शटडाउन केलं, रीस्टार्ट नाही केलं. विंडोज ८ पासून फास्ट स्टार्टअप नावाचा प्रकार आहे, शटडाउन केल्यावर सिस्टीमचा गाभा बंद होत नाही, डिस्कवर जसाच्या तसा लिहून ठेवला जातो आणि सकाळी तोच परत उचलला जातो, अडकलेल्या ड्रायव्हरसकट (ड्रायव्हर म्हणजे प्रिंटर, वायफाय वगैरे चालवणारा प्रोग्रॅम). रीस्टार्टमध्ये मात्र सगळं खरंच नव्याने सुरू होतं. प्रिंटर रुसला, वायफाय दिसेना, आवाज गेला, आधी रीस्टार्ट. मला फोन त्यानंतर.

फॉरमॅट मारण्याची खाज

काही लोकांना प्रत्येक दुखण्यावर एकच औषध माहीत असतं, फॉरमॅट मार. ओळखीतल्या एका काकांचा जुना डेस्कटॉप होता, एक दिवस एकही साइट उघडेना, सगळीकडे ‘कनेक्शन सुरक्षित नाही’, मेलही कनेक्ट होईना. भाच्याने आधी अँटिव्हायरस बदलला, मग दुसरा टाकला पहिला तसाच ठेवून, मग राउटर रीसेट केला त्यामुळे घरातलं उरलेलं इंटरनेटही गेलं, आणि शेवटी विंडोज फॉरमॅट मारून नव्याने टाकलं. अख्खा रविवार गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी मशीन लावलं, परत तेच.

मी गेलो तर उजव्या कोपऱ्यात तारीख कितीतरी वर्षं मागची. मदरबोर्डवर नाण्याएवढा सेल असतो, सीआर२०३२, मशीनचा प्लग काढलेला असतानाही घड्याळ चालू ठेवायचं त्याचं काम. तो संपला की तारीख मागे जाते. प्रत्येक साइटच्या सर्टिफिकेटवर, म्हणजे तिच्या ओळखपत्रावर, अमुक तारखेपासून अमुक तारखेपर्यंत वैध असं असतं, मशीनच्या हिशेबाने ती सर्टिफिकेटं अजून जन्मालाच आलेली नव्हती, म्हणून ब्राउझर नाही म्हणत होता. सेल बदलला, तारीख लावली, झालं. काका भाच्याकडे बघत होते आणि भाचा राउटरकडे.

एका वेळी एकच गोष्ट बदला, बदलून बघा, फरक नसेल तर परत होती तशी करा आणि मगच पुढची. पाच गोष्टी एकदम बदलल्या की चुकून चालू झालं तरी कशाने झालं ते कळत नाही, आणि नाही झालं तर आता बिघाड एक आहे की पाच हेही कळत नाही.

ईमेल

‘मला मेल येत नाहीयेत’ या तक्रारीवर मी आधी जागा किती उरली ते विचारतो. जीमेलची १५ जीबी ही मेल, ड्राइव्ह आणि फोटो या तिघांत मिळून आहे, आणि १ जून २०२१ पासून नवे फोटोही त्यातच मोजले जातात. भरलं की मेल यायचे बंद. लोक मात्र पासवर्ड बदलत बसतात.

जुन्या मेल प्रोग्रॅममध्ये पासवर्ड बरोबर टाकूनही जीमेल घेत नसेल तर पासवर्ड दहा वेळा टाइप करू नका. ३० मे २०२२ पासून गुगलने पर्सनल अकाउंटसाठी नुसत्या पासवर्डवर चालणाऱ्या जुन्या ॲप्सचा रस्ता बंद केला. टू-स्टेप व्हेरिफिकेशन (पासवर्डनंतर आणखी एक खात्री) चालू करून त्या प्रोग्रॅमसाठी वेगळा १६ अक्षरी ॲप पासवर्ड घ्या, नाहीतर प्रोग्रॅम नवा घ्या.

फोनवर जागा करायला मेल उडवू नका. मेल आणायच्या दोन पद्धती, आयमॅप आणि पॉप. आयमॅप असेल तर ते सर्व्हरवरूनही (मेल कंपनीच्या कॉम्प्युटरवरूनही) जातात, म्हणजे सगळीकडून जातात. पॉप असेल तर भानगड उलटी, एका कॉम्प्युटरने मेल उतरवून घेतले की सर्व्हरवरून निघून जाऊ शकतात आणि मग तो कॉम्प्युटर गेला की मेल गेले. आपलं काय आहे ते सेटिंगमध्ये बघून ठेवा. आणि २५ मेगाबाइटची मर्यादा आहे म्हणून २४ ची फाइल जोडायची नसते, मेलमध्ये जाताना ती साधारण एक तृतीयांशाने फुगते.

अकाउंट हॅक झालं तर नुसता पासवर्ड बदलून झोपू नका. फॉरवर्डिंग आणि फिल्टर बघा. चोर जाताना तिथे नियम घालून ठेवतो, अमुक शब्द असलेला मेल माझ्याकडे पाठव आणि इथून उडव, आणि पासवर्ड कितीही बदला, तो नियम इमानदारीत चालू राहतो. रिकव्हरीचा फोन नंबर तुमचाच आहे ना तेही बघा, मग सगळ्या डिव्हाइसवरून लॉगआउट.

राहिलं ते स्क्रीनवर भोंगा वाजवत येणारं पान, ‘तुमच्या कॉम्प्युटरमध्ये व्हायरस, या नंबरवर फोन करा’. मायक्रोसॉफ्टच्या खऱ्या एरर मेसेजमध्ये फोन नंबर कधीच नसतो. पान बंद होत नसेल तर कंट्रोल-शिफ्ट-एस्केप दाबा, टास्क मॅनेजरमधून ब्राउझर बंद करा, आणि परत उघडल्यावर ‘मागची पानं परत आणू का’ विचारलं तर नाही म्हणा. फोन करून बसला असाल आणि समोरच्याला ॲनीडेस्कवरून (लांबून दुसऱ्याचा कॉम्प्युटर चालवायचा प्रोग्रॅम) आत घेतलं असेल तर आधी इंटरनेट तोडा, दुसऱ्या डिव्हाइसवरून बँकेचे आणि मेलचे पासवर्ड बदला, बँकेला कळवा, आणि मग मला सांगा. तिथे मात्र मी खरंच फॉरमॅट मारायला सांगेन.